चुलीविना पंगत: वाचकांचे प्रश्न

आम्ही आठ मैत्रिणी दर महिन्याला एकीच्या घरी जमतो. या जानेवारीत रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून शेतकरी आठवडे बाजारात जायचं आणि तिथून आणलेल्या भाजी-फळांचं जेवण करायचं ठरवलंय. काहीही शिजवायचं नाही, दूध-दही-तूप-मधही नको. पोटभर होईल का? किती आणावं? कुठे फसण्याची शक्यता आहे? (पुणे)

पोटभर नक्की होईल, फक्त सुरुवात शुक्रवारी रात्रीच करावी लागेल. दीड वाटी मूग निवडून, धुऊन भिजत घाला. शनिवारी सकाळी पाणी पूर्ण निथळून ते ओलसर फडक्यात सैल बांधा. थंडीत मोड यायला चोवीस तास लागतात, उन्हाळ्यात बारा तासही पुरतात. दीड वाटीचे साधारण साडेचार वाट्या होतात. शनिवारी दुपारी आणि रात्री फडकं सोडून मूग एकदा धुऊन पुन्हा निथळत ठेवा. तळाशी पाणी साचलं की मूग चिकट होतात आणि वास मारतात. असे मूग कितीही धुतले तरी सुधारत नाहीत, ते टाकूनच द्या.

बाजारात आठ जणींसाठी एवढं घ्या: नारळ ५, काकडी दीड किलो, गाजरं १ किलो, पिकलेले पण घट्ट टोमॅटो पाऊण किलो, कोवळ्या मेथीच्या ३ जुड्या, कांद्याच्या पातीची १ जुडी, कोथिंबीर १ जुडी, केळी १०, पेरू १ किलो, डाळिंबं २, लिंबं ८, मिरच्या, आलं, लसूण. घरात पाव किलो खजूर, आमसुलं, तीळ आणि लाकडी घाण्याचं शेंगदाण्याचं तेल असू द्या. माणशी ८०० ग्रॅमच्या आसपास माल होतो. ऐकायला हे जास्त वाटेल, पण कच्च्या भाजीत पाणीच फार असतं. खोबरं, तीळ आणि खजूर कमी केलेत, तर दुपारी चार वाजता सगळ्या चिवड्याचा डबा शोधत फिरतील.

सकाळी लवकर जा आणि आधी एक फेरी मोकळ्या हाताने मारा. नारळ, गाजरं, पेरू आधी घ्या, ते पिशवीत तळाला जातील. पालेभाजी सगळ्यात शेवटी घ्या. ‘तोडणी कधीची?’ असं विचारायला संकोच करू नका, शेतकऱ्याला ते सांगता येतंच. मेथी बहुधा आदल्या संध्याकाळी उपटलेली असते आणि त्यात काही गैर नाही. पण जुडीच्या मधोमध हात घालून पाहा. आत गरम लागत असेल तर पाला कोंडला गेलाय, घरी पोचेपर्यंत तो पिवळा पडतो. गाजराचा पाला काढलेला असेल, तर देठाजवळची खूण ओलसर आहे का ते बघा. काकडी टोकाशी दाबून पाहा, मऊ लागली तर घेऊ नका.

आता ताट. मेथीचा घोळाणा मराठवाडा-खानदेशातल्या घरांना सांगायला नकोच: मेथीची नुसती पानं, बारीक चिरलेली पात, मीठ, लाल तिखट आणि दोन चमचे कच्चं तेल, हाताने हलकं घोळलेलं. त्यात एरवी भाजलेल्या दाण्यांचं कूट पडतं. तुमच्या नियमात बसवायचं तर त्याऐवजी अर्धी वाटी न भाजलेले तीळ जाडसर कुटून घाला. गाजर किसून त्यात लिंबू, आलं आणि मिरची. मुगात डाळिंबाचे दाणे, टोमॅटो, खवलेला नारळ. काकडी किसू नका, कोचवा. किसलेल्या काकडीचा लगदा होतो. तिच्यात ओलं खोबरं, मिरची, कोथिंबीर आणि लिंबू. फोडणीच्या खमंग वासाची उणीव थोडी जाणवेल. ती भरायला चिमूटभर हिंग लिंबाच्या रसात विरघळवून घाला.

अशी पंगत बहुतेक वेळा मिठामुळे बिघडते. मीठ चिरलेल्या भाजीतलं पाणी बाहेर खेचतं. काकडीत मीठ घालून ती अर्धा तास ठेवली, तर खाली पाण्याचं तळं आणि वर रबरासारख्या फोडी उरतात. सगळं चिरून, मिसळून तयार ठेवा, पण मीठ आणि लिंबू पानं मांडल्यावरच घाला. दुसरी चूक ओल्या पानांची. मेथी धुऊन पंचावर पसरा आणि किमान अर्धा तास वाळू द्या, नाहीतर घोळाणा चिखलासारखा होतो आणि तेल पानाला धरत नाही.

गोडाला नारळाच्या दुधातलं शिकरण करा. दोन नारळांच्या खवात दोन वाट्या कोमट पाणी घालून दाट दूध काढा. बिया काढलेले दहा-बारा खजूर त्यातल्याच थोड्या दुधात अर्धा तास भिजवून वाटा. केळी वाढायच्या वेळीच कापा, वेलची घाला. आणखी दोन नारळांची सोलकढी, पाचवा ताटातल्या खोबऱ्यासाठी.

कोणाला धान्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नसेल, तर बिनफोडणीचे दडपे पोहे ठेवा: पातळ पोहे ४ वाट्या, खवलेला नारळ दीड वाटी, कांदा, मिरची, लिंबू आणि नारळाचं पाणी, अर्धा तास दडपून. मात्र पोहे करताना भात भिजवून, भाजून मगच कांडतात, त्यामुळे ४८ अंश सेल्सिअसच्या वर काहीही तापवायचं नाही हा कच्च्या आहाराचा कडक नियम इथे मोडतो. आमच्या मते पहिल्याच पंगतीला एवढी सूट जरूर घ्यावी. वीगन, म्हणजे प्राणिजन्य काहीही नसलेले, तर ते आहेतच.

सोलकढी सकाळी केली की दुपारी फाटल्यासारखी दिसते. नारळ खराब असतो का? (ठाणे)

बहुतेक वेळा नारळ चांगलाच असतो. नारळाच्या दुधातली चरबी हलकी असल्यामुळे वर येते, आणि साधारण २४ अंशांच्या खाली गोठते. म्हणून फ्रिजमधल्या सोलकढीवर पांढरे गोळे दिसतात. दहा मिनिटं बाहेर ठेवून ढवळली की ती पुन्हा एकजीव होते. खराब झालेली सोलकढी वासावरून आणि फेसावरून कळते, चमच्याला ती तारेसारखी चिकटते. अशी मात्र पिऊ नका.

खरोखर फाटण्याची कारणं दोन. मिक्सर सलग फिरवला तर खव तापतो आणि लोणी सुटतं. वीस-वीस सेकंद थांबत फिरवा आणि पाणी बोटाला सहज सोसेल इतकंच कोमट घ्या. दुसरं म्हणजे आमसुलाचा आंबटपणा. तो नारळातलं प्रथिन गोठवतो, आणि मिश्रण जितका वेळ एकत्र राहील तितका जास्त. म्हणून पंधरा आमसुलं दीड वाटी पाण्यात तासभर भिजवून कुस्करून गाळा आणि हे पाणी वेगळ्या बाटलीत ठेवा. दोन नारळांचं पहिलं आणि दुसरं दूध मिळून साधारण पाच वाट्या होतं. हे दूध आणि आमसुलाचं पाणी जेवणाआधी पंधरा मिनिटं एकत्र करा. लसूण-मिरची आमसुलाच्या पाण्यातच ठेचून घाला. मीठ शेवटी, तेही चाखून, कारण पुष्कळ आमसुलं आधीच खारवलेली असतात आणि आगळ, म्हणजे कोकमाचा रस, तर खारवलेला असतोच.

रोज सकाळी कच्च्या दुधीचा रस घेतो. एकदा तो कडू लागला, तरी औषध म्हणून प्यावा का? (नागपूर)

अजिबात नाही. दुधीचा कडूपणा ‘कुकर्बिटासिन’ या विषारी द्रव्यांमुळे येतो. कडू रस प्यायल्यावर काही वेळातच जोरदार उलट्या, जुलाब, पोटात कळा, प्रसंगी रक्ताची उलटी होते आणि रक्तदाब कोसळतो. आपल्या देशात यात माणसं दगावली आहेत. एक घोट कडू लागला तरी ग्लास ओतून टाका. त्रास सुरू झाला तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा. उरलेला रस आणि दुधीचा तुकडा सोबत न्या.

कापल्यावर दोन्ही टोकांचा आणि मधला असे तीन पातळ काप जिभेवर ठेवून पाहा. एकही कडू लागला तर अख्खा दुधी फेका. शिजवूनही हे विष जात नाही, म्हणून ‘मग भाजी तरी करू’ हा विचारही नको. रसात आवळा, टोमॅटो किंवा लिंबू चाखण्याआधी घालणं धोक्याचं, कारण त्यांच्या आंबटपणात कडू चव लपते. हाच नियम काकडी, तवस आणि दोडक्याला. काकडीचं टोक कापून घासायची पद्धत आपल्याकडे आहे. कडूपणा देठाकडे जास्त असतो म्हणून टोक कापण्याला अर्थ आहे, घासण्याला नाही. मधली फोड कडू असेल तर ती काकडी गेलीच. कारल्याचा कडूपणा वेगळ्या द्रव्यांचा असतो, त्याची याच्याशी गल्लत करू नका.

कोणते मोड कच्चे चालतात? पाहुण्यांत एक गरोदर आहे. (कोल्हापूर)

मूग सगळ्यात सोपे, मटकी दुसरी, हरभरा थोडाच. राजमा, वाल, पावटा, घेवड्याचे दाणे आणि सोयाबीन मोड आणूनही कच्चे खाऊ नयेत. राजम्यातल्या लेक्टिन या प्रथिनामुळे मूठभर कच्चे दाणेही उलट्या लावतात. ते भिजवून, पाणी फेकून, खळखळून उकळावेच लागतात.

गरोदर बाई, पाच वर्षांखालचं मूल, वयस्कर माणूस किंवा कुठल्याही उपचारामुळे प्रतिकारशक्ती कमी झालेली व्यक्ती असेल, तर मूगसुद्धा वाफवूनच द्या. मोड यायला लागणारी ऊब आणि ओल जिवाणूंनाही हवीच असते, आणि ते बीच्या भेगांत असले तर धुऊन निघत नाहीत. २०११ मध्ये जर्मनीत इ. कोलाय जिवाणूची जी साथ आली, ती मेथीच्या मोडांपर्यंत मागे नेता आली. त्यात ५० हून अधिक माणसं गेली. म्हणून कडधान्याला मोड घरीच आणा, फडकं दरवेळी उकळून घ्या आणि तयार मोड फ्रिजमध्ये दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. पेरणीसाठी विकलेलं बी कधीही वापरू नका, त्याला औषध चोळलेलं असतं.

बाजारात सगळेच ‘सेंद्रिय’ म्हणतात. ओळखायचं कसं? आणि कच्चं खायचं तर धुवायचं कशाने? (नाशिक)

चवीने किंवा भोकं पडलेल्या पानाने ओळखता येत नाही. पीजीएस-इंडिया या सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या पद्धतीत शेतकऱ्यांचा स्थानिक गट एकमेकांच्या शेतांची तपासणी करतो. अजून संक्रमण काळात, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रियाकडे वळत असलेल्या शेताला ‘पीजीएस-ग्रीन’ आणि पुढे हा काळ पूर्ण झाल्यावर ‘पीजीएस-ऑरगॅनिक’ असा दर्जा मिळतो. विक्रेत्याला कोणता दर्जा आहे ते विचारा आणि कागद पाहायला मागा. थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला मात्र प्रमाणपत्राची सक्ती नाही, त्यामुळे कागद नाही म्हणजे फसवणूक असंही धरू नका. त्याऐवजी विचारा: शेवटची फवारणी कधी, कशाची, आणि त्यानंतर किती दिवसांनी तोडणी केली? हे दिवस औषधाच्या वेष्टनावर छापलेले असतात आणि जाणता शेतकरी ते लगेच सांगतो. एकाच गाळ्यावर मेथी, सफरचंद आणि किवी दिसलं तर तो शेतकरी नव्हे, व्यापारी आहे. राज्याने २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, आणि शहरांतले शेतकरी आठवडे बाजार वाढले ते शेतकऱ्याने थेट विकावं म्हणून. तो हेतू टिकवायचा असेल तर गिऱ्हाइकानेही विचारायला हवं.

धुण्यासाठी १ लिटर पाण्यात १० ग्रॅम खाण्याचा सोडा, म्हणजे दोन सपाट चहाचे चमचे. गाजर, टोमॅटो, पेरू यात १२ ते १५ मिनिटं ठेवून वाहत्या पाण्याखाली चोळा. सालीवरचा बराचसा अंश निघतो, आत मुरलेला निघत नाही. पालेभाजी मात्र आधी निवडा, मग मोठ्या पातेल्यात तीन पाण्यांतून काढा. पाणी ओतू नका, पानं वर उचलून घ्या, म्हणजे माती तळाशी राहते. नाल्याच्या पाण्यावर पिकलेली पालेभाजी तर कच्ची खाऊच नका: तिच्यावर जंतांची अंडी असू शकतात आणि ती घट्ट चिकटून राहतात. कुठल्या पाण्यावर पिकली हे कळत नसेल, तर ती भाजी शिजवायला ठेवा. पावसाळ्यात आम्ही सालं काढता येणाऱ्या भाज्याच कच्च्या खायला सांगतो.

मार्चमध्ये म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाणार आहोत. ओले काजू कच्चे खाता येतात का? (गोवा)

टरफल काढलेलेच घ्या. टरफलातलं तेल कातडी भाजतं आणि फोड येतात. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले. ज्यांना आंब्याच्या चिकाने ओठांना पुरळ येतं किंवा बिब्बा उततो, त्यांनी कच्चे ओले काजू चाखूही नयेत. बाकीच्यांनी कोमट पाण्यात अर्धा तास ठेवावेत, हाताला खोबरेल चोळून आतलं पातळ साल काढावं आणि गर दोन पाण्यांतून धुवावा. पहिल्यांदा दोन-तीनच खाऊन पाहा. दुकानातले वाळलेले ‘कच्चे’ काजू टरफल फोडण्यासाठी वाफवलेले किंवा भाजलेले असतात, तेव्हा कडक नियम पाळणाऱ्या मित्रांना हे आधीच सांगून ठेवा.

दोन महिने पूर्ण कच्च्या वीगन आहारावर राहायचं आहे. काय कमी पडेल? (सोलापूर)

सर्वांत आधी बी-१२ जीवनसत्त्व. ते कोणत्याही भाजीत, फळात किंवा मोडांत भरवशाने मिळत नाही, स्पिरुलिना या शेवाळातही नाही. पूरक गोळी पहिल्या दिवसापासून हवी: रोज किमान १० मायक्रोग्रॅम, किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर बी-१२ आधीच कमी असू शकतं, म्हणून रक्त तपासून मगच सुरू करा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डोस डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावा, नाहीतर साखर अचानक खाली जाते. वाढत्या मुलांना हा आहार देऊ नका.