घाटातली कोंडी आणि पैशाचं गणित

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे: मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाचा बोरघाटातला टप्पा आणि तिथल्या सुधारणांचा, मुख्यतः ‘मिसिंग लिंक’ या घाट टाळणाऱ्या बोगदे-पुलांच्या नव्या रस्त्याचा, खर्च. रस्तेबांधणी आणि प्रकल्पांच्या अर्थकारणात काम करणाऱ्यांनी दिलेली उत्तरं पुढे देत आहोत.

वीस वर्षांहून जास्त काळ आम्ही टोल भरतो आहोत. मूळ रस्त्याचे पैसे केव्हाच वसूल झाले असतील. मग मिसिंग लिंकसाठी पुन्हा कर्ज आणि पुन्हा टोल कशाला? जमलेल्या पैशातूनच ते काम का झालं नाही?
*– एक वाचक, खोपोली*

कारण टोल जमा होण्याआधीच विकला जातो. ही साखळी समजली की निम्मा घोळ मिटतो.

1990च्या दशकात या रस्त्यासाठी 3,600 कोटींची खासगी निविदा आली होती. ती नाकारून राज्य सरकारने 1996 मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ काढलं आणि सरकारी हमीवर रोखे विकून सुमारे 1,630 कोटींत रस्ता बांधला. 2002 मध्ये तो पूर्ण खुला झाला. रोख्यांची परतफेड समोर होती, म्हणून 2004 मध्ये 15 वर्षांचा टोल एका खासगी कंपनीला एकरकमी 918 कोटींना दिला. ती मुदत 2019 ला संपली. 2020 मध्ये पुन्हा 10 वर्षं 2 महिन्यांचा हक्क 8,262 कोटींना विकला: आधी 6,500 कोटी, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी प्रत्येकी 850 आणि चौथ्या वर्षी 62. त्यामुळे एप्रिल 2030 पर्यंत तुम्ही खालापूरला किंवा तळेगावला भरता तो टोल महामंडळाच्या तिजोरीत जात नाही. त्याची किंमत महामंडळाने आधीच घेतली आहे.

या व्यवहाराला टीओटी, म्हणजे टोल घ्या, रस्ता चालवा, मुदत संपली की परत करा, असं म्हणतात. यात वाईट काही नाही. वाहनं कमी आली तर तोटा कंपनीचा, जास्त आली तर फायदाही तिचाच. पण 8,262 हा आकडा जाहिरातीचा आहे. हप्त्यांतली रक्कम 9 टक्के व्याज धरून 2020 च्या किमतीत आणली, तर तो व्यवहार 8,040 कोटींच्या आसपास भरतो. घासाघीस करताना 200 कोटींचा हा फरक नजरेआड होऊ देऊ नये.

‘वसूल झाले का’ याचं उत्तर कशाला खर्च म्हणता यावर ठरतं. बांधकाम, व्याज, देखभाल, वेळोवेळी केलेलं नव्याने डांबरीकरण आणि आता मिसिंग लिंक, हे सगळं एकाच खात्यात धरलं तर ते खातं कधीच मिटत नाही. टोलची मुदत 2045 पर्यंत वाढवली गेली ती याच पद्धतीने. मूळ रस्त्याचं खातं वेगळं मिटवून नव्या कामाचं वेगळं उघडायला हवं होतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मिसिंग लिंकचा खर्च 6,695 कोटी असं वाचलं. एवढी रक्कम फेडायला दरवर्षी किती लागतात? आणि काम लांबलं की खर्च नेमका कुठे वाढतो?
*– वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, चिंचवड*

आधी काम काय आहे ते पाहू. खोपोली एक्झिट ते कुसगाव हा 19 किलोमीटरचा घाटरस्ता 13.3 किलोमीटरवर येतो. त्यात एक बोगदा पावणेदोन किलोमीटरच्या आसपास, दुसरा जवळजवळ नऊ किलोमीटरचा आणि टायगर व्हॅलीतला केबल-स्टेड (तारांनी तोललेला) पूल धरून दोन उंच पूल. शिवाय खालापूर टोलनाका ते खोपोली एक्झिट हा 5.86 किलोमीटरचा पट्टा आठ पदरी होतो.

आता हप्ता. सगळी रक्कम 9 टक्क्यांनी कर्जाऊ घेतली असं समजा (व्याजदर आमचा, उदाहरणापुरता). 20 वर्षांत समान हप्त्यांनी फेडायचं तर वर्षाला सुमारे 733 कोटी, 15 वर्षांत फेडायचं तर सुमारे 830 कोटी. 733 कोटी म्हणजे दिवसाला 2 कोटी. 2023 मध्ये कारचा टोल 320 रुपये झाला, त्या दराने रोज जवळजवळ 62,800 कारनी पूर्ण टोल भरला तरच एवढा हप्ता निघतो. ट्रक आणि बस जास्त भरतात, म्हणून प्रत्यक्ष वाहनांची संख्या याहून कमी लागेल. पण 2030 पर्यंतचा टोल विकलेला आहे, म्हणजे तोवरच्या हप्त्यांसाठी पैसा दुसरीकडून आणायचा किंवा व्याज मुद्दलात चढवत जायचं. 2030 ते 2045 ही 15 वर्षं कशासाठी राखली आहेत ते यावरून कळेल.

उशिराचा भुर्दंड असा पडतो. रक्कम सहा वर्षांत सारखी खर्च होत गेली, तर सरासरी निम्मं कर्ज सहा वर्षं डोक्यावर राहतं. साध्या व्याजानेही ते 1,800 कोटींच्या आसपास जातं. आणि सगळी रक्कम खर्च झाल्यावर रस्ता एक वर्ष उशिरा खुला झाला तर सुमारे 600 कोटी, दिवसाला एक कोटी पासष्ट लाख. दऱ्यांवरचा वारा, पावसाळ्यातले चार महिने, बोगद्यात अचानक लागणारा ठिसूळ खडक, वनखात्याच्या परवानग्या यांची किंमत बांधकामाच्या बिलापेक्षा व्याजाच्या रकान्यात जास्त दिसते. म्हणूनच घाटातल्या कामाचा अंदाज करताना खडकाच्या चाचण्यांवर चार पैसे जास्त घालवावेत. मैदानातल्या रस्त्याला चालतात तेवढ्याच बोअर (खडक तपासायला पाडलेली भोकं) घाटात घेतल्या तर नंतरचे कंत्राटदाराचे दावे आवरत नाहीत.

माझे ट्रक कळंबोलीहून पुण्याला जातात. नव्या बोगद्याला वेगळा टोल लावून खर्च काढावा असं काही जण म्हणतात. तुमचं मत?
*– एक वाहतूकदार, कळंबोली*

लावू नये. कारण तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. बोगद्याला वेगळे दोनशे रुपये मागितले की ड्रायव्हर जुन्या घाटाने जाईल. जुन्या घाटाची अडचण अशी की आडोशी बोगदा ते खंडाळा एक्झिट या टप्प्यात द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग एकत्र येतात. दहा पदरांची वाहतूक सहा पदरांत कोंबली जाते. चढावर भरलेला ट्रक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जातो, त्याला ओव्हरटेक करायला दुसरा ट्रक मधल्या लेनमध्ये येतो, आणि तिसरा बंद पडला की झालं. ज्या वाहनांना तिथून हलवण्यासाठी बोगदा बांधला, तीच टोलमुळे तिथे राहिली तर कर्जही फिटत नाही आणि कोंडीही सुटत नाही.

राष्ट्रीय महामार्गाचा नियम लावला असता तर टोल किती झाला असता, हेही पाहा. 2008 च्या शुल्क नियमांत पूल आणि बोगद्यांची लांबी दहापट धरायची पद्धत होती. जुलै 2025 च्या दुरुस्तीनंतर ही दहापट बेरीज किंवा संपूर्ण टप्प्याची पाचपट लांबी, यातली जी कमी असेल ती घेतात. मिसिंग लिंकच्या 13.3 पैकी बारा किलोमीटरच्या आसपास पूल आणि बोगदेच आहेत. म्हणजे जुन्या हिशेबाने 120 किलोमीटरहून जास्त, नव्या हिशेबाने 66.5 किलोमीटरचा टोल. हा रस्ता राज्याचा असल्याने ते नियम इथे चालत नाहीत. राज्य मोटार वाहन कर कायद्याखाली अधिसूचना काढून दर ठरवतं: वर्षाला 6 टक्के, पण तीन वर्षांची वाढ एकदम 18 टक्के. 165, 195, 230, 270, 320 ही कारच्या टोलची शिडी तपासून पाहा, प्रत्येक पायरी 18 टक्क्यांचीच आहे, जवळच्या पाच-दहा रुपयांना आणलेली.

वेगळ्या टोलऐवजी वेळेनुसार टोल हा पर्याय आम्हाला पटतो. शनिवारी सकाळी पुण्याकडे आणि रविवारी संध्याकाळी मुंबईकडे कारला 25 टक्के जादा, म्हणजे 320 चे 400. ट्रकला रात्री तेवढीच सूट. फास्टॅगमुळे हे यंत्रणेला अवघड नाही. अडचण करारात आहे: 2030 पर्यंत दर बदलायचे तर कंपनीला भरपाई द्यावी लागेल, आणि ती सूट-जादाच्या ताळेबंदातून आधी ठरवावी लागेल.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात आय-70 या डोंगरी महामार्गावर अशीच सुट्टीची कोंडी होते. तिथे डिसेंबर 2015 पासून रस्त्याच्या कडेचा पट्टा गर्दीच्या दिवसांत टोलची लेन म्हणून उघडतात. सुमारे 13 मैलांची ती लेन, दर गर्दीप्रमाणे बदलतो, बाकीच्या लेन फुकट. 2021 मध्ये उलट दिशेलाही तशी लेन आली. बोरघाटात ही युक्ती जशीच्या तशी चालणार नाही, कारण आपल्याकडे कडेच्या पट्ट्यात इंजिन गरम झालेले ट्रक उभे असतात आणि बोगद्यांत तो पट्टाच नसतो. शिवाय अशा लेनचं खरं काम गर्दी विभागणं हे आहे. बोगद्याएवढ्या कामाचं कर्ज त्यातून फिटत नाही.

आणि क्रेन. तीनपैकी एक लेन अडली की क्षमता एक तृतीयांशाहून जास्त घटते, कारण उरलेल्या लेनमध्येही वाहनं बुजून चालतात. बंद ट्रक वेळेत हलवणं हा भांडवली खर्च नाहीच, तो देखभालीत येतो आणि टीओटी करारात देखभाल कंपनीकडे असते. किती मिनिटांत क्रेन पोहोचायला हवी आणि न पोहोचल्यास दंड किती, हे कलम सगळ्यात स्वस्तात मिळणारी सुधारणा आहे.

मुंबईच्या वेशीवर कारला टोल माफ झाला. घाटात का नाही?
*– एक वाचक, डोंबिवली*

करता येईल. प्रश्न बिल कोणाला जातं एवढाच. 2015 मध्ये राज्यात 12 टोलनाके बंद झाले आणि 53 नाक्यांवर कार आणि एसटीला सूट मिळाली. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलकी वाहनं सुटली. दोन्ही वेळा करार चालू असलेल्या ठिकाणी भरपाई सरकारच्या अंगावर आली. द्रुतगती मार्गावर कारचा वाटा मोठा, 2030 पर्यंतचा हक्क विकलेला, त्यामुळे माफी म्हणजे दरवर्षी अर्थसंकल्पातून कंपनीला चेक. तो चेक घाटात कधीही न गेलेला गडचिरोलीचा शेतकरीही भरतो. आम्हाला हे न्याय्य वाटत नाही.

नाशिककरांना कसारा घाट रोजचा. तिथे केंद्राचा पैसा येतो, मग बोरघाटाला का नाही?
*– एक वाचक, इगतपुरी*

कसारा घाट राष्ट्रीय महामार्गावर आहे, द्रुतगती मार्ग राज्याच्या महामंडळाचा. तरी दोन दारं उघडी असतात. व्यवहार्यता तफावत निधी: खासगी भागीदारीतला प्रकल्प टोलवर पुरा पडत नसेल तर केंद्र खर्चाच्या 20 टक्क्यांपर्यंत अनुदान देतं आणि राज्य आणखी 20 टक्क्यांपर्यंत घालू शकतं. इंधनावरच्या उपकरातून केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधीचा राज्यांना वाटा मिळतो, पण तो असंख्य छोट्या कामांत विभागला जातो. घाटातला एक बोगदाच तो वर्षानुवर्षं गिळून टाकेल.

तिसरी पद्धत हायब्रिड अॅन्युइटी. 40 टक्के रक्कम सरकार बांधकामादरम्यान हप्त्याने देतं. उरलेले 60 टक्के कंत्राटदार उभे करतो आणि पुढची 15 वर्षं सहामाही हप्त्यांनी व्याजासह परत घेतो. टोल सरकारकडे राहतो, म्हणजे वाहनं कमी येण्याची जोखीमही सरकारकडे. यात पैसा ‘येत’ नाही, बिल पुढच्या पंधरा अर्थसंकल्पांवर ढकललं जातं, हे मात्र लक्षात ठेवा.

रस्ता सुधारला की लोणावळा-तळेगावच्या जमिनींचे भाव वाढतात. त्यातून वसुली करता येईल का?
*– एक वाचक, वडगाव मावळ*

थोडीफार. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत मेट्रोसाठी मुद्रांक शुल्कावर 1 टक्का अधिभार आहेच. मावळात तसं करता येईल, पण बोगदा ज्या डोंगराखालून जातो तिथे भाव वाढत नाहीत, वाढतात ते बाहेर पडल्यावर. खरेदी-विक्री मंदावली की हे उत्पन्न आटतं, म्हणून बँका त्यावर कर्ज देताना हात आखडता घेतात. मुख्य हप्त्यासाठी नाही, जोडरस्ते आणि ट्रक टर्मिनलसाठी हे ठीक.

हे सगळे आकडे आम्हाला कसे तपासता येतील?
*– एक निवृत्त शिक्षक, पनवेल*

महामंडळाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. सगळं एकत्र लिहिलं की अर्ज तिथेच अडकतो, म्हणून वेगवेगळे अर्ज करा. एकात खालापूर आणि तळेगाव नाक्यांवरची वाहन-प्रकारानुसार महिनावार संख्या मागा. दुसऱ्यात 2020 च्या टीओटी कराराची प्रत, विशेषतः देखभाल, दंड, दरबदल आणि नव्या जोडरस्त्यामुळे वाढलेल्या वाहनांबद्दलची कलमं. तिसऱ्यात त्या 8,262 कोटींचा विनियोग: कोणत्या तारखेला किती आले, कोणतं कर्ज फेडलं, कोणत्या प्रकल्पावर किती गेले. चौथ्यात टोलची मुदत 2045 पर्यंत नेणारी अधिसूचना आणि तिच्यासोबतचा रोख प्रवाहाचा तक्ता. ‘टोल वसूल झाला का’ असा प्रश्न विचारू नका, त्याला ‘अभिप्राय मागितला आहे’ असं उत्तर येतं. कागद मागा, आणि प्रत देणं शक्य नसेल तर फाइल पाहण्याची परवानगी मागा.