पाऊस लागायच्या आधी

प्रिय मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. डॉक्टर झाल्यावर गावच्या आरोग्य केंद्रातलं बंधपत्राचं, सक्तीच्या सेवेचं वर्ष ‘कसंबसं काढायचं आहे’ असं लिहिलंस, त्याचा राग आला नाही. कोकणातल्या या गावी मीही दोनच वर्षांसाठी आलो होतो. येत्या चैत्रात चौतीस होतील. पण ‘इथं शिकण्यासारखं काही नाही’ हे वाक्य मनाला लागलं.

महाडजवळ बिरवाडीचं प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. १९७०च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर तिथं रुजू झाले, तेव्हा लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं फुप्फुसात पाणी होऊन दगावत. ते रुग्णाच्या उशाशी बसून राहिले. उलटी कधी झाली, घाम किती फुटला, हातपाय कधी गार पडले, नाडी आणि रक्तदाब काय होता, सगळं टिपत गेले. त्या टिपणांतून हृदयावरच्या संकटाची आगाऊ लक्षणं सांगणारा लेख झाला आणि १९८२ साली तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. १९८६ साली त्याच नियतकालिकात त्यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपयोग मांडला. मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयाला हे दिसलं नसतं, कारण तो विंचू चावलेला माणूस तिथवर पोचतच नव्हता. तुझ्या केंद्राच्या पायरीवर जे येतं ते आधी तुलाच दिसतं, म्हणून म्हणतो, वही ठेव.

माझी वही कशी सुरू झाली, ते सांगतो. आजवर फार कमी जणांना सांगितलंय. माझं इथलं चौथं वर्ष, श्रावण. पहाटे साडेचारला एका तरुण बाईला बैलगाडीतून आणलं. पोटात कळ, एक उलटी. पोट चाचपलं तर मऊ. आम्लपित्ताचं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. सात वाजता तीच गाडी परत दारात. पापण्या मिटलेल्या, जीभ जड, थुंकी गिळता येईना. झोपेत मण्यार चावली होती. अंगभर शोधूनही चाव्याची खूण सापडली नाही. जिल्ह्याच्या रुग्णालयाकडे जाताना घाटातच ती गेली. रात्री कुठं झोपली होतीस, एवढं एक वाक्य मी तिला विचारलं नव्हतं.

त्या दिवशी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं: ‘पावसाळा, पहाट, पोटदुखी, जमिनीवर अंथरूण. पापण्या बघ.’

तीन वर्षांनी असाच पहाटे बारा वर्षांचा एक मुलगा आला. पोटात दुखतंय म्हणाला. कुठं झोपला होतास? पडवीत, चटईवर. त्याला छताकडे बघत राहायला सांगितलं. मिनिटभरात पापण्या खाली येऊ लागल्या. लशीची रिअॅक्शन आलीच तर म्हणून अॅड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवलं, सर्पदंशाच्या लशीच्या, म्हणजे विषावरच्या उताऱ्याच्या, दहा बाटल्या सलाईनमधून सुरू केल्या आणि जीप मागवली. मण्यारीचं विष मज्जातंतूंची टोकंच निकामी करतं, लस दिली तरी लुळेपणा ओसरायला दिवस लागतात. तोवर श्वास चालू ठेवणं हाच खरा उपचार. घाटात त्याचा श्वास मंदावला, तेव्हा मी आणि त्याचा मामा आळीपाळीनं अंबू बॅग, म्हणजे हातानं श्वास द्यायची रबरी पिशवी, दाबत दोन तास गेलो. पुढं काही दिवस तो व्हेंटिलेटरवर होता. आता त्याची मुलगी माझ्याकडे डोस घ्यायला येते.

लोकांची भाषाही वहीत लिही. रात्रीच्या वेळी इथं सापाचं नाव घेत नाहीत. ‘लांबडं’ म्हणतील, ‘पान लागलं’ म्हणतील. ‘पान’ म्हणजे काय हे तुला ठाऊक नसेल तर मोलाची दहा मिनिटं गेली. लावणीच्या दिवसांत ‘ताप आहे आणि पोटऱ्या धरल्यात’ असं कुणी म्हणालं तर नुसती तापाची गोळी देऊ नकोस. तो चिखलात उभा होता का ते विचार, डोळे बघ, लघवी होते का ते विचार. लेप्टो, म्हणजे चिखलपाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, असाच येतो.

आणि म्हाताऱ्यांकडे लक्ष दे. घरोघरी मुलगा चाकरमानी, मुंबईला. आजीच्या छातीत वैशाखापासून दुखतंय आणि ती म्हणते, ‘गणपतीत झिलगो येतलो, मग बघू.’ तिचं नाव, वाडी आणि मुलाचा फोन नंबर वहीत हवा. फोन तू कर. माझ्या मते औषधाइतकंच हेही डॉक्टरचं काम आहे, आणि ते दुसरं कुणी करणार नाही.

सलाईन लावा, सुई मारा, असा आग्रह रोज होईल. गरज नसेल तर नाही म्हण, पण घाईत म्हणू नकोस, बसवून समजाव. पहिले सहा महिने लोक तुझ्यावर नाराज होऊन दुसरीकडे जातील, जाऊ दे. तवसं किंवा नाचणीची पिशवी कुणी आणून दिली तर मात्र परत करू नकोस. त्या माणसाला फार लागतं.

रुग्ण पुढं पाठवताना चिठ्ठीत वेळ लिही. कोणती लस, किती बाटल्या, किती वाजता, पापण्या कधी पडल्या. १०८ची गाडी आता मिळते, आमच्या वेळी नव्हती. पण गाडीतल्या माणसाला रात्र कशी गेली ते माहीत नसतं, ते तुझ्या चिठ्ठीतूनच कळतं. फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही. फुरसं चावलेल्याचं दोन मिलिलिटर रक्त कोरड्या काचेच्या नळीत न हलवता वीस मिनिटं ठेवलंस आणि ते गोठलं नाही, तर तेही त्याच चिठ्ठीत लिही.

सोबत एक कोरी वही पाठवतोय, रेघांची. मिरग तोंडावर आलाय. उद्या सकाळी फ्रीज उघड, लशीच्या बाटल्या मोज, मुदत वाच. अंबू बॅग फाटलेली नाही ना, लहान मुलांचा मास्क आहे ना, ते स्वतः दाबून पाहा. आकडा पहिल्या पानावर लिही आणि मलाही कळव. कमी असतील तर जिल्ह्याच्या भांडारात मी तुझ्यासोबत येतो.

तुझा,
डॉक्टरकाका