भाकरीचा उंडा एकदा काट्यावर ठेवा

या वेळचे प्रश्न सातारा-सांगली पट्ट्यातले आहेत आणि विषय एकच, वजन. पत्रं पुष्कळ आली. सारखे प्रश्न एकत्र करून थोडक्यात घेतले आहेत.

प्रश्न : चार महिने झाले, पोळी पूर्ण बंद केली. आधी दोन्ही वेळा तीन-तीन पोळ्या खायचे, आता दोन-दोन शाळूच्या (ज्वारीच्या) भाकरी खाते. वजन कमी व्हायचं सोडून दीड किलोनं वाढलं. उंची १५५ सेंमी, वजन ६८ किलो. भाकरीनं वजन उतरतं ना?
(गृहिणी, विश्रामबाग, सांगली)

ताई, भाकरी चांगलीच आहे, पण तिच्या अंगात वजन उतरवायचा वेगळा गुण नाही. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ३३० ते ३५० कॅलरी असतात, कणकेतही जवळपास तेवढ्याच. चोथ्याचं म्हणाल, तर न चाळलेली कणीक त्यात ज्वारीच्या मागे नाही. फरक पडतो तो आकारानं. घडीच्या पोळीला ३५ ग्रॅमच्या आसपास कणीक लागते. आपल्याकडची तवाभर भाकरी ७० ते ८० ग्रॅम पिठाची, आणि हात सढळ असेल तर १०० ची.

आता हिशेब मांडू. सहा पोळ्या म्हणजे २१० ग्रॅम कणीक. चार भाकरी म्हणजे ३०० ग्रॅम पीठ. रोज ९० ग्रॅम पीठ जास्त, म्हणजे ३०० कॅलरी. पोळीला लावायचं तेल वाचलं, त्याच्या शंभर-सव्वाशे वजा करा. तरी पावणेदोनशे-दोनशे उरतातच. शिवाय भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी येते. तिचे दोन मोठे चमचे (२० ग्रॅम) म्हणजे शंभरावर कॅलरी. 'आकडा' कमी झाला, सहाचे चार झाले, म्हणून खाणं कमी झाल्यासारखं वाटतं. पोटात गेलं ते मात्र जास्तच.

उपाय सोपा आहे. स्वयंपाकघरात ठेवायचा छोटा डिजिटल काटा घ्या. परात त्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि पाच भाकरींना मोजून २०० ग्रॅम पीठ घ्या. एक भाकरी ४० ग्रॅमची होईल. जेवणाला अशा दोन घ्या. दिवसाचं पीठ १६० ग्रॅमवर येतं, म्हणजे आत्ताच्या जवळजवळ निम्मं.

लहान, पातळ भाकरी थापताना कडेला चिरते, अशी तक्रार येणारच. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, पीठ धरून ठेवायचं काम गरम पाण्यात फुललेला स्टार्च करतो. म्हणून पाणी उकळतं घ्या, पीठ चमच्यानं कालवा, हाताला सोसेल इतकं निवलं की तळहातानं रगडून मळा. तरी तुटत असेल तर पिठाची विरी (धरून राहायचा गुण) गेलेली असते. आठवड्याला पुरेल तेवढंच दळून आणा.

एकदम निम्मं पीठ केलं तर चार वाजता भूक लागणार आणि हात फरसाणाच्या डब्याकडे जाणार. बहुतेकांचं गाडं इथंच घसरतं. म्हणून भाकरी कमी होईल तिथं मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची उसळ वाढवा, हुलग्याचं माडगं करा, ताक घ्या, चालत असेल तर अंडं घ्या. ३० ग्रॅम कोरड्या कडधान्यातून ७ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, एका अंड्यातून ६. वजन उतरवताना दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पोटात गेली तर भूक आवरते आणि स्नायू कमी झिजतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, २८.३ येतो. भारतीयांसाठी २३ च्या वर जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. पण लगेच ५५ किलोचं स्वप्न नको. सहा महिन्यांत ५ टक्के, म्हणजे ६८ चे साडेचौसष्ट, इतकं झालं तरी साखर, रक्तदाब आणि गुडघे यांना फरक कळतो.

प्रश्न : आम्ही लाकडी घाण्याचं शेंगतेल वापरतो. ते शुद्ध असल्यानं अंगाला लागत नाही, आणि साजूक तूप तर चरबी वितळवतं, असं ऐकलं. घरात चौघे आहोत, चौघांचीही पोटं सुटलेली.
(निवृत्त शिक्षक, सातारा)

घाण्याचं असो, रिफाइंड असो की घरचं कढवलेलं तूप, एका ग्रॅममागे ९ कॅलरी. वास आणि चव वेगळी, हा आकडा एकच. तूप तव्यावर वितळतं. पोटावरची चरबी वितळवायचं काम ते करत नाही.

तुम्ही गणिताचे शिक्षक असाल-नसाल, हे एवढं कराच. तेलाचा नवा डबा फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा, संपेल त्या दिवशी पुन्हा लिहा. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅम तेल पोटात जातं, म्हणजे ३४० कॅलरी. तीन लिटरमध्ये महिना भागवला तर ते २३ ग्रॅमवर येतं. एकही पदार्थ बंद न करता माणशी रोज १३५ कॅलरी वाचतात. तूप, लोणी आणि बाहेरचं तळण यात धरलेलं नाही.

हे जमवायचं तर बुधलीनं धार धरायची सवय मोडावी लागेल. डब्यात ५ मिलीचा चमचा ठेवा. चौघांच्या भाजीला चार चमचे, आमटीला दोन. दोन चमच्यांची फोडणी पसरट कढईत करपते, कारण तेल पसरतं आणि मोहरी कोरडी राहते. त्यासाठी लहान लोखंडी पळी घ्या, आच मंद ठेवा, मोहरी पडली की झाकण ठेवा. कांदा परतताना खाली लागला तर तेल न वाढवता पाण्याचा हबका मारा. तेल अजिबात बंद करायच्या भानगडीत पडू नका. बिनफोडणीची आमटी आठ दिवस खाल्ली जाते, नवव्या दिवशी अख्खं घर मिसळ खायला बाहेर पडतं.

आणि शेंगदाण्याच्या कुटाकडे लक्ष द्या. आपल्याकडं प्रत्येक भाजीत मूठभर कूट पडतो, आणि शेंगदाण्याचं निम्मं वजन तेलाचंच असतं.

प्रश्न : रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढतो. पोटाला घाम काढायचा पट्टा बांधतो, खाली आल्यावर काटा ७०० ग्रॅमनं कमी दाखवतो. तरी महिन्याअखेर वजन तेच. वजन ७५ किलो.
(तरुण, सातारा)

कमी झालेलं ते ७०० ग्रॅम पाणी आहे. पाणी-चहा प्यालात की परत येणार, आणि यायलाच हवं. चरबी घामातून बाहेर पडत नाही. पट्ट्यानं कातडीचं तापमान वाढतं, घाम उडून अंग थंड व्हायची वाट बंद होते. एप्रिल-मेमध्ये तर चक्कर येऊ शकते. तो पट्टा काढून टाका.

पोटाचे व्यायाम केले म्हणून पोटावरचीच चरबी जळते, हेही खरं नाही. चरबी साऱ्या शरीरातून रक्तात येते. आधी कुठून उतरणार, हे अनुवंश आणि संप्रेरकं ठरवतात.

किल्ला शहरापासून अडीचशे-तीनशे मीटर उंच आहे. ७५ किलोचं अंग तेवढं वर न्यायला प्रत्यक्ष काम लागतं ते जेमतेम ५० कॅलरींचं. पण स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेतला पाव-पंचमांश भागच कामात बदलतात, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून चढ-उतार मिळून अडीचशे ते तीनशे कॅलरी खर्च होतात असं धरा. एका वडापावात जवळपास तेवढ्याच असतात. खाली उतरल्यावर काय खाता, ते तुम्ही लिहिलेलं नाही. आमचा संशय तिथंच आहे.

चढणं सोडू नका. रक्तदाब, साखर, दम, झोप या सगळ्याला त्याचा उपयोग आहे, आणि उतरलेलं वजन टिकवायला व्यायाम लागतोच. फक्त काटा त्याच्या एकट्याच्या जोरावर हलत नाही. वजन आठवड्यातून दोनदा करा, सकाळी शौचानंतर, चहाच्या आधी. काटा कडक फरशीवर ठेवा, सतरंजीवर नाही. कंबरही मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सहज सोडलेला असावा. पुरुषांची ९० सेंमी आणि बायकांची ८० सेंमीच्या आत हवी.

प्रश्न : साखर बंद करून गुळाचा चहा घेतो, सकाळी गरम पाण्यात मध-लिंबू, मधल्या वेळी बेदाणे. सगळं नैसर्गिक. तरी ढेरी हलत नाही.
(द्राक्ष बागायतदार, तासगाव)

सपाट चमचाभर साखरेत २० कॅलरी, तेवढ्याच वजनाच्या गुळात १९. गंमत अशी की साखर चमच्यानं मोजली जाते आणि गूळ हातानं फोडला जातो. तो खडा सहज १२-१५ ग्रॅमचा निघतो. त्यात म्हशीचं अर्धा कप दूध ५५ कॅलरींचं. असे पाच कप झाले की पाचशेची मजल गेली. दोन कपांवर या.

मध-लिंबूपाण्यातलं पाणी चांगलं, लिंबूही चांगलं. मोठा चमचाभर मध मात्र ६० कॅलरी देतो. बेदाण्याचं तुम्हाला आम्ही काय सांगावं! चार किलो द्राक्षं वाळली की किलोभर बेदाणा होतो, साखर तेवढीच राहते. ३० ग्रॅमची मूठ म्हणजे ९० कॅलरी. त्याऐवजी १२० ग्रॅम द्राक्षं खाल्लीत तर कॅलरी थोड्याफार तेवढ्याच, पण पोट भरल्यासारखं वाटतं.

प्रश्न : महिन्यात दोन एकादशी आणि चार सोमवार धरते. उपासानं शरीर हलकं होतं ना?
(वाचक, फलटण)

'एकादशी अन् दुप्पट खाशी' हे आपल्याच लोकांनी म्हणून ठेवलंय. ६० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम कूट, दोन चमचे तूप आणि बटाटा अशी एक ताटली साडेचारशेच्या वर जाते. प्रथिनं नावाला. दोन वेळा खिचडी, मध्ये वेफर्स, रात्री रताळ्याचा गोड कीस असा उपास साध्या दिवसापेक्षा जड. धरायचाच तर ४० ग्रॅम वरईचा भात, पातळ दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक आणि एक फळ. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहू नका. औषध घेऊन जेवण टाळलं तर साखर धोकादायक खाली जाते.

प्रश्न : थायरॉईडची गोळी दोन वर्षं चालू आहे, टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) आता ठीक आहे. वजन १४ किलो वाढलंय ते थायरॉईडमुळेच ना? गोळी वाढवून घेऊ का?
(शिक्षिका, कराड)

नाही आणि नाही. थायरॉईड कमी पडल्यानं वाढतं ते साधारण दोन ते पाच किलो, त्यातही मीठ आणि पाण्याचा वाटा मोठा. टीएसएच ठीक असताना उरलेलं वजन इतर कारणांचं असतं. गरज नसताना डोस वाढवला तर धडधड होते, हाडं झिजतात. गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्या, चहा अर्ध्या ते एक तासानं. लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर ठेवा. शिजवलेला कोबी खायला हरकत नाही, त्याला उगाच बदनाम केलंय.

प्रश्न : ओळखीतल्या एकानं वनस्पतींची भुकटी दिली. पहिल्या आठवड्यात अडीच किलो कमी! भूक लागत नाही, झोपही येत नाही. चालू ठेवू?
(वाचक, मिरज)

आजच बंद करा. डब्यावर घटक, परवाना क्रमांक, बॅच नसेल तर आत काय आहे ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. भूक मरणं, झोप उडणं, छाती धडधडणं ही सिब्युट्रामिन या भूक मारणाऱ्या औषधाच्या भेसळीची लक्षणं असू शकतात. हृदयविकाराच्या धोक्यामुळं ते औषध भारतात २०११ साली बंद झालं, तरी 'हर्बल' भुकटीत मिसळलेलं सापडत आलं आहे. रक्तदाब तपासून घ्या आणि डबा डॉक्टरांना दाखवा.

अडीच किलोचं गूढ मात्र सोपं आहे. खाणं अचानक तोडलं की यकृत-स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा संपतो. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी साठलेलं असतं, ते निघून जातं. नीट जेवायला लागाल तेव्हा ते परत येईल. घाबरू नका.

प्रश्न : रात्री भात खाल्ला तर चालतो का?
(वाचक, वाई)

चालतो. माणशी ५० ग्रॅम तांदूळ मोजून घाला, वर वाटीभर घट्ट वरण घ्या, आणि त्या दिवशी भाकरी एक कमी करा.