गेलेल्या माणसाच्या नावावरचं कर्ज

प्रश्न : माझे यजमान चैत्रात वारले. त्यानंतर महिन्याभराने रात्री साडेनऊला फोन आला, माणूस हिंदीत बोलत होता. यजमानांनी मोबाइलवरच्या ॲपमधून घेतलेलं ४८,७०० रुपयांचं कर्ज थकलंय म्हणाला. लगेच व्हॉट्सॲपवर ‘लोक अदालत नोटीस’ आली. वर अशोकस्तंभ, खाली ‘जिल्हा न्यायालय, सावंतवाडी’. चार तासांत पैसे भरा, नाहीतर घरावर जप्ती आणि मुलाच्या मुंबईच्या कंपनीत फोन. घाबरून काजूबीचे आलेले ४,५०० रुपये पाठवले. आता उरलेल्यांसाठी रोज फोन येतो. जाऊबाई म्हणतात, “देवन टाक गो, घराच्या अब्रूचो प्रश्न आसा.” काय करू?
— एक वाचक, वेंगुर्ले तालुका

उत्तर : ताई, यापुढे एक रुपयाही पाठवू नका. आणि हे पान जाऊबाईंनाही वाचायला द्या.

तुमची ती नोटीस मला फार आवडली. सावंतवाडी हा जिल्हाच नाही! १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला तो सिंधुदुर्ग, आणि त्याचं जिल्हा न्यायालय ओरोसला. आपल्याकडचं शाळकरी पोरही ही चूक करणार नाही. शिवाय लोकअदालतीत तडजोड होते ती दोन्ही बाजूंच्या संमतीने. तिथे चार तासांची मुदत नसते आणि जप्तीची धमकीही नसते. जप्ती येते ती दावा, सुनावणी, हुकूमनामा एवढं सगळं झाल्यावर.

समजा, यजमानांनी खरंच कर्ज घेतलं होतं. तरी वारसांची जबाबदारी त्यांच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. तुम्ही किंवा मुलगा सहकर्जदार वा जामीनदार नसाल, तर त्याच्या पगाराला आणि तुमच्या स्वतःच्या दागिन्यांना कुणी हात लावू शकत नाही.

खरंखोटं तपासायला यजमानांचं पासबुक भरून घ्या. ॲपवरचं कर्ज साधारणपणे थेट कर्जदाराच्या खात्यात जमा व्हावं आणि परतफेडही थेट कर्ज देणाऱ्या संस्थेच्याच खात्यात जावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कर्ज कुठल्या तारखेला दिलं ते त्या माणसाला विचारा आणि पासबुकात ती तारीख बघा. तुम्ही ४,५०० पाठवलेत तेव्हा पडद्यावर कुणाचं नाव आलं होतं तेही पाहा. कुणा एकट्यादुकट्या माणसाचं नाव असेल, तर वेगळा पुरावा कशाला हवा?

मी स्वतः बँकेत असताना मालवणात होडीच्या इंजिनांच्या कर्जवसुलीला फिरलोय. खिशात बँकेचं पत्र, गळ्यात ओळखपत्र, पिशवीत पावतीपुस्तक. पुष्कळदा शहाळं पिऊन रिकाम्या हाताने परतलो, पण पावतीशिवाय कुणाचा रुपया घेतला नाही. थकबाकीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये पुन्हा बजावलंय. अर्थात हा नियम खरे वसुलीवालेही मोडतात, त्यामुळे नुसत्या वेळेवरून निवाडा करू नका. कर्ज देणाऱ्या संस्थेचं नाव विचारा, तिचा नंबर स्वतः शोधा आणि तिथे फोन लावा. समोरच्याने दिलेल्या नंबरवर लावाल, तर त्याचाच भाऊ उचलेल.

यांना तुमचं घर कसं सापडलं? माझा अंदाज सांगतो. तिठ्यावरचा श्रद्धांजलीचा फलक, गावच्या ग्रुपवर फिरलेला बाराव्याचा निरोप, खाली मुलाचा नंबर. आपण एवढी माहिती आपल्या हातांनीच वाटतो.

आता गेलेल्या पैशांचं. सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवा, आजच. तासाभरात केली असती तर पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त होती, पण उशिरा नोंदवलेली तक्रारही वाया जात नाही, तो खाते क्रमांक तरी यंत्रणेच्या नजरेत येतो. आपल्या बँकेलाही कळवा. नोटीस, नंबर, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट यातलं काही पुसू नका. एक प्रिंट काढून पोलीस ठाण्यात द्या.

आणि मुलाला तुम्हीच आधी फोन करा. त्याच्या कंपनीत फोन गेलाच, तर त्याला निदान घरचं ठाऊक असेल. पुढचा फोन त्यालाच उचलू दे, म्हणजे मुंबईच्या हिंदीत बोलणं होईल.