आखूड होते, दिसते की भरते?

माझी भाची इथे इंदुरातच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. पुस्तकं इंग्रजी-हिंदी, घरचं बोलणं मराठी. सापेक्षतेवर मराठीत दहा मिनिटं बोलायचं म्हणून तिने टिपण लिहिलं आणि मला दोन प्रश्न पाठवले: ‘मामा, वेगाने जाणाऱ्या वस्तूची लांबी आकुंचन पावते म्हणू, आखूड होते म्हणू की आखूड दिसते म्हणू? आणि सायमल्टेनियसला चांगला मराठी शब्द कोणता?’

पहिल्याचं उत्तर देऊन टाकतो: आखूड भरते.

‘आकुंचन’ आपल्याला शाळेत भेटतं ते उष्णतेच्या धड्यात, ‘प्रसरण’चं जोडीदार म्हणून. लोखंडाची पट्टी थंड झाली की आकुंचन पावते. म्हणजे पट्टीच्या आतच काहीतरी घडतं. हा शब्द ऐकला की समोरच्याला वाटणार, वस्तूला कुणीतरी दाबतंय. ‘आखूड होते’ची गत तीच. गंमत अशी की ज्यांनी ही कल्पना पहिल्यांदा मांडली त्यांनाही असंच वाटत होतं. प्रकाशाच्या लाटा ईथर नावाच्या सगळीकडे भरलेल्या माध्यमातून जातात असं तेव्हा मानत. मायकेल्सन-मोर्लींच्या १८८७च्या प्रयोगात या ईथरचा वारा सापडेना, तेव्हा फिट्झगेराल्डने १८८९मध्ये आणि लोरेन्ट्झने १८९२मध्ये सुचवलं, की ईथरमधून जाताना वस्तू गतीच्या दिशेने खरोखरच दबत असेल. आइन्स्टाइनने १९०५मध्ये सूत्र तेच ठेवलं आणि दाबणाऱ्याला घरी पाठवलं. शब्द मात्र मागे राहिला. तेव्हा नाव म्हणून ‘लांबीचं आकुंचन’ असू दे, क्रियापद तेवढं बदल. तुझ्या हिंदी पुस्तकातलं ‘संकुचन’ इकडे आणू नकोस. ‘संकोच’ तर नकोच नको. आपल्याकडे संकोच पाहुण्यांना तिसरी पोळी घेताना होतो.

‘दिसते’ का नको? डोळ्यात एका क्षणी शिरणारा प्रकाश वस्तूच्या वेगवेगळ्या भागांतून वेगवेगळ्या क्षणी निघालेला असतो. हा हिशेब धरला तर जोरात जाणारा चेंडू चपटा न दिसता गोलच दिसतो, हे पेनरोज आणि टेरेल यांनी १९५९मध्ये दाखवलं. शिवाय ‘दिसते’ म्हटलं की भासाचा वास येतो. हा भास असता तर म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे जडसे भाऊबंद असलेले कण, जमिनीवर पोचलेच नसते. ते जन्मतात सुमारे १५ किलोमीटर उंचीवर, सरासरी आयुष्य सेकंदाचे २.२ दशलक्षांश. तेवढ्यात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जातो. तरी ते खाली येतात. आपल्या लेखी त्यांचं घड्याळ सावकाश चालतं. त्यांच्या मापाने हवेचा थरच आखूड भरतो.

आता ‘भरणे’. तुझी आजी एकदा कापड बाजारातून अडीच मीटर पॉपलीन घेऊन आली. घरच्या टेपाने मोजलं तर दोन मीटर बेचाळीस. ‘कमी भरलं गं,’ म्हणाली. ‘आटलं’ म्हणाली नाही, कारण अजून पाण्यात घातलंच नव्हतं. आटणं कापडाचं काम. भरण्याला मोजणारा लागतो. दुकानदाराकडे परत गेली तर तो म्हणाला, ‘माँजी, हमारे गज से तो पूरा है.’ इथे लबाडी त्याची होती. सापेक्षतेत दोघांचेही गज खरे असतात आणि तरी माप वेगळं भरतं.

ते कसं, इथे तुझा दुसरा प्रश्न आत येतो. धावती अवंतिका एक्सप्रेस प्लॅटफॉर्मवरून मोजायची, तर इंजिनाच्या नाकाशी आणि शेवटच्या डब्याच्या शेपटाशी दोघांनी एकाच वेळी खडूची खूण करायला हवी. मागच्याने जरा उशीर केला, तर शेपूट तेवढं पुढे सरकलेलं असणार आणि लांबी कमी भरणार. डब्यात बसलेल्यांची तक्रार नेमकी हीच: ‘तुमच्या पुढच्या माणसाने खूण आधी केली, मागच्याने नंतर.’ प्लॅटफॉर्मवाले म्हणतात, एकदमच केली. दोघंही बरोबर. (फरक केवढा म्हणशील, तर अर्धा किलोमीटरची गाडी ताशी १०० किलोमीटरने जाताना अणूच्या साधारण पन्नासाव्या हिश्श्याइतकी कमी भरते. आजीने तक्रार केली नसती.)

टिपणातलं शिडीचं कोडं याच सुताने सुटतं. आठ मीटरचा बोळ, दोन्ही टोकांना दारं, आणि प्रकाशाच्या ०.६ पट वेगाने येणारी दहा मीटरची शिडी. बोळाच्या मापाने शिडी आठ मीटर भरते, म्हणून दोन्ही दारं एकदम लावून लगेच उघडता येतात. शिडीच्या मापाने मात्र बोळच ६.४ मीटर भरतो, मग ती मावली कशी? तिच्या लेखी दारं एकदम लागलीच नाहीत. पुढचं लागलं आणि उघडलं. मागचं लागलं ते सेकंदाच्या २० अब्जांशांनी उशिरा. तेवढ्यात बोळ ३.६ मीटर मागे सरकला आणि शिडीचं शेपूट आत आलं. याला तू ‘विरोधाभास’ म्हटलं आहेस ते फार छान. विरोधाचा नुसता आभास, हे आपल्या शब्दातच आहे.

शब्दाचं म्हणशील तर ‘समकालीन’ खोडून टाक. समकालीन अहिल्याबाई आणि महादजी शिंदे; तिथे दहा-वीस वर्षं इकडेतिकडे चालतात. ‘एकसमयावच्छेदेकरून’ हा जुना शब्द मला फार प्रिय आहे, पण तो उच्चारेपर्यंत बोळातून शिडी निघून जाईल. ‘युगपत्’ संस्कृतातच शोभतं. ‘एकदम’ बोलण्यात उत्तम, पण त्यात ‘अचानक’ही मिसळतं. म्हणून साधं ‘एकाच वेळी’, आणि नाम हवंच असेल तर ‘एकसमयता’.

एक खबरदारी मात्र घे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर ती गाठ गाडीतून पाहणाऱ्यालाही एकच, कारण दोन्ही घटना एकाच जागी झाल्या. पण आपल्या इंदुरातल्या एकमेकांपासून लांब असलेल्या दोन देवळांत, खजराना गणपतीची घंटा आणि बडा गणपतीची घंटा एकाच वेळी वाजली म्हणालीस, की लगेच विचारावं लागतं: कोणाच्या घड्याळाने?

म्हणून तुझं पहिलंच वाक्य असं कर: ‘धावत्या गाडीची दोन्ही टोकं प्लॅटफॉर्मच्या घड्याळांनी एकाच वेळी टिपली, तर प्लॅटफॉर्मच्या मापाने ती आखूड भरते.’ जरा लांब झालं आहे, पण यातला एकही शब्द काढू नकोस.