चांदणी, बादल आणि न लागणारी झोप

"घोडा आता सांभाळणे जमत नाही. विकला तर पाप, ठेवला तर उपासमार. करायचे काय?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे बहुतेक चातुर्मासात येतो आणि तो घोड्याचा मालक विचारत नाही, त्याची सून किंवा मुलगा विचारतो. वरातीच्या घोड्याची कमाई लग्नसराईपुरती असते. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत लग्ने नसतात, खाणे मात्र बाराही महिने लागते. साडेतीनशे किलो वजनाच्या घोड्याला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे पाच ते सात किलो कोरडी वैरण लागतेच. चंदी म्हणजे दाणा, नालबंद आणि औषधपाणी यांचा खर्च त्यावर वेगळा.

सोलापूर जिल्ह्यातील एका कुटुंबाची हकीगत येथे त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून देत आहे. घरातील कर्त्या पुरुषाला मी काका म्हणत असे, लेखातही तेच म्हणते. वय एकसष्ट, दोन्ही गुडघे निकामी, मुलगा पुण्याला कंपनीत, आणि वरातीला घोड्याऐवजी उघडी मोटार मागणारे यजमान दरवर्षी वाढत चाललेले. दारात दोन घोडे होते: चोवीस वर्षांची पांढरी चांदणी आणि नऊ वर्षांचा बादल. सूनबाईंनी काकांना आणले ते झोप लागत नाही, जेवण तुटले आहे, या तक्रारीसाठी. घोड्यांचा विषय दुसऱ्या भेटीत निघाला आणि मग तोच चालू राहिला.

आदल्या वर्षी काका चांदणीला घेऊन अकलूजच्या घोडेबाजारात गेले होते. दलालाने तिचा ओठ वर करून दात पाहिले, गळ्यावरचा देवमण, म्हणजे शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा, पाहिला, मग रुमालाखाली काकांची बोटे धरून भाव सांगितला. काकांनी फक्त एवढेच विचारले, "घेणार कोण आहे?" दलाल म्हणाला, "पैसे रोख आहेत, नाव कशाला हवे?" त्यावर काकांनी दोरी सोडवली आणि टेम्पोचे भाडे अंगावर घेऊन ते घरी परतले. तेव्हापासून आपण भित्रे आहोत, धड विकलेही नाही आणि धड पोसलेही नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. माझ्या मते त्या दिवशी त्यांनी विचारलेला प्रश्न अगदी योग्य होता. घोडा विकण्यात गैर काही नाही; पण चोवीस वर्षांची घोडी अनोळखी हातात गेली, तर पुढच्या मालकाला तिच्याकडून काम हवे असणार, आणि काम होईना की ती आणखी खालच्या हातात जाणार. हा प्रवास कोठे थांबतो ते घोड्यांच्या धंद्यात वावरलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

येथे माझी एक चूक कबूल करते. काकांची घालमेल पाहून मी घाईने दुसऱ्या जिल्ह्यातील, म्हातारी जनावरे सांभाळणाऱ्या एका आश्रयस्थानाचा क्रमांक त्यांना दिला. तेथून उत्तर आले की जागा नाही, आणि काकांनी त्याचा अर्थ लावला की आपल्या घोडीला जगात कोठेच जागा नाही. पुढच्या एका भेटीला ते आलेच नाहीत. आश्रयस्थाने भरलेली असतात, कारण म्हातारा घोडा तेथे गेल्यावरही पाच-सात वर्षे जगू शकतो. म्हणून आता मी आधी स्वतः चौकशी करते आणि मगच नाव सुचवते. घरच्यांनी तेथे न कळवता एकदा जाऊन यावे, पाण्याची टाकी आणि घोड्यांचे खूर पाहावेत, डॉक्टर किती दिवसांनी येतात, गेल्या वर्षी किती जनावरे दगावली आणि कशाने, हे विचारावे. ज्यांना हा प्रश्न खटकतो त्यांच्याकडे घोडा देऊ नये. शिवाय बहुतेक ठिकाणी ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी मागतात, आणि मागायलाच हवी, कारण हा रोग माणसालाही होतो. अहवाल यायला वेळ लागतो, तेव्हा वैरण संपल्यावर धावाधाव करण्यापेक्षा नमुना आधीच द्यावा.

काका परत आले तेव्हा मी एकच विनंती केली: दोन घोड्यांचा प्रश्न एक समजू नका. बादल तरुण आणि निरोगी होता, त्याला पुढे आयुष्य होते. चांदणीचे तसे नव्हते, पण हे त्यांना मी सांगण्यापेक्षा काकूंनी दाखवले. एका सकाळी त्यांनी घमेले आणून काकांच्या पुढ्यात ठेवले. त्यात लाळेने चिकटलेले, अर्धवट चावलेल्या कडब्याचे मुठीएवढे गोळे होते. झिजलेल्या दाढांनी वैरण दळली जात नाही, घोडा ती चघळतो आणि टाकून देतो. गव्हाण भरलेली दिसते आणि जनावर उपाशी राहते. काकू म्हणाल्या, "हे आजचं. कालचं मी उकिरड्यावर टाकलं."

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांनी दाढा कानशीने घासून दिल्या आणि भिजवलेला कोंडा व बारीक कुट्टी सुरू केली. महिनाभर बरे चालले. मग पुढच्या दोन्ही खुरांत कळ सुरू झाली आणि ती बसली की उठण्यासाठी चार माणसे लागू लागली. डॉक्टरांनी 'शांत मरण' हा शब्द उच्चारला आणि काकांनी तो तेथेच तोडला. घरचे कुलदैवत खंडोबा. देवाचे वाहन आपल्या हाताने संपवायचे, हे त्यांना ऐकूनही घ्यायचे नव्हते. मी वाद घातला नाही. श्रद्धेशी युक्तिवाद करणे हे समुपदेशकाचे काम नव्हे, असे मी मानते.

पण एक गोष्ट सांगितली. डोरोथी ब्रुक नावाची एक इंग्रज बाई १९३० मध्ये कैरोला आली, तेव्हा पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सैन्याने तेथे विकून टाकलेले घोडे बारा-तेरा वर्षांनंतरही गाड्या ओढत होते, म्हातारे, हाडे निघालेले. तिने १९३१ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रात पत्र लिहून पैसे गोळा केले आणि सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले. त्यांतील बहुतेक इतके थकलेले होते, की त्यांना काही दिवस पोटभर खाणे आणि विश्रांती देऊन वेदनेशिवाय मरण देण्यापलीकडे काही करता येण्याजोगे नव्हते. १९३४ मध्ये तिने तेथे घोड्यांचे मोफत इस्पितळ काढले ते त्यानंतर. काकांनी सगळे ऐकले आणि विचारले, "त्या बाईला झोप लागत होती का?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. पण त्या भेटीत प्रथमच ते चांदणीविषयी 'तिचे काय करू' असे न म्हणता 'तिला किती दुखत असेल' असे बोलले.

सोडून देणे हा मार्ग का नको, हे बरेच जण विचारतात, म्हणून सांगते. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार उपासमार होईल अशा स्थितीत जनावर वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये आहे, तेव्हा कायद्याच्या धाकाने कोणी थांबेल अशी माझी समजूत नाही. पण दावणीला वाढलेल्या घोड्याला मोकाट जगता येत नाही; तो रस्त्यावर प्लास्टिक खातो, पोटशुळाने लोळतो किंवा रात्री वाहनाखाली येतो. त्याच कायद्याचे कलम १३ हे तत्त्व मानते, की काही वेळा जनावराला जिवंत ठेवणे हीच क्रूरता असते.

अखेर काका स्वतःच म्हणाले, चंपाषष्ठी होऊ द्या. दिवस उरले होते बारा. डॉक्टरांनी वेदनाशामक चालू ठेवून तेवढी मुदत मान्य केली, पण ती उठेनाशी झाली तर थांबणार नाही, हे आधी कबूल करून घेतले. षष्ठीला तिला भंडारा लावला, गूळ दिला. आदल्या दिवशीच विहिरीपासून दूर बांधावर जेसीबीने खोल खड्डा घेतला होता; औषध दिलेल्या जनावराचे शरीर उघड्यावर टाकले, तर ते खाणारी कुत्री आणि गिधाडेही मरतात. मी त्या दिवशी गेले नाही, काकांनी नंतर सांगितले. आधी गुंगीचे इंजेक्शन, मग मानेच्या शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. काका म्होरकी धरून बाजूला उभे होते, कारण घोडा कोणत्या अंगावर पडेल ते सांगता येत नाही. पडल्यावर अंग थोडे थरथरते, डोळे उघडेच राहतात, आणि हे डॉक्टरांनी आधी बजावले असल्यामुळे ते घाबरले नाहीत. बादलला मुद्दाम जवळ आणले. त्याने तिचे नाक, मान हुंगली, थोडा वेळ उभा राहिला आणि वळून गवताला लागला. सोबतीण एकाएकी दिसेनाशी झाली, तर घोडा कित्येक दिवस हाका मारत राहतो.

बादलचे काम रेंगाळले ते वेगळ्या कारणाने. तो अंडू, म्हणजे खच्ची न केलेला, घोडा होता, आणि नवख्या माणसाकडे असा घोडा टिकत नाही. म्हणून त्याला आधी खच्ची करून घेतले व जखम भरेपर्यंत थांबले. मग काकूंच्या नात्यातील एका शेतकऱ्याने त्याला ठेवून घेण्याची तयारी दाखवली, त्याच्याकडे आधीची एक घोडी होती, म्हणजे सोबतही झाली. विक्री केली नाही. स्टँपपेपरवर करार झाला: तीन महिने पाहायचे, पटले नाही तर बादल काकांकडे परत, पुढे कधी द्यायचा झाला, तर आधी काकांना विचारायचे, आजारपणाचा खर्च कोणाचा, तेही लिहिले. दोन्ही अंगांचे फोटो आणि ओळख पटवणाऱ्या केसांच्या भोवऱ्यांच्या जागा करारासोबत जोडल्या. पाहुण्यांत लिखापढी कशाला, असे दोन्ही बाजू म्हणत होत्या. मी हट्ट धरला, कारण तोंडी शब्दावरून घोडाही जातो आणि नातेही.

बादल गेल्याच्या आठवड्यात काका पुन्हा झोपेनासे झाले, सूनबाईंचा फोन आला. चौथ्या दिवशी त्या शेतकऱ्याचाही फोन आला, घोडा बादलीतले पाणी तोंडी लावत नाही म्हणून. काका हसले, म्हणाले, शिट्टी वाजवल्याशिवाय तो पीत नाही, लहानपणापासूनची सवय आहे. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ते शिट्टी शिकवायला गेले.