मोबाइल जोडला जातो, मग लॅपटॉप का नाही?

प्रश्न : विद्यापीठाच्या वायफायला माझा मोबाइल लगेच जोडला जातो. तोच आयडी-पासवर्ड विंडोज 11च्या लॅपटॉपवर टाकला की ‘कान्ट कनेक्ट टू धिस नेटवर्क’ येतं. मैत्रीण म्हणते, सर्टिफिकेट तपासणी बंद कर, लगेच चालेल. करू का?
– एक विद्यार्थिनी, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : तपासणी बंद करू नका. घरच्या वायफायला सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड असतो. विद्यापीठाच्या वायफायला, म्हणजे डब्ल्यूपीए2-एंटरप्राइझ या सुरक्षा पद्धतीला, प्रत्येकाचा वेगळा. तो ज्या सर्व्हरकडे जातो तो खरा आहे की नाही, हे सर्टिफिकेटवरूनच कळतं. तपासणी बंद असेल आणि कॉलेज रोडच्या एखाद्या कॅफेत कुणी त्याच नावाचं वायफाय सुरू केलं, तर लॅपटॉप आपणहून त्याला जोडायला जाईल. तिथे मिळालेल्या माहितीवरून पासवर्ड फोडता येतो, हे 2012 मध्येच उघड झालं आहे. मोबाइलवर ‘डू नॉट व्हॅलिडेट’ निवडलं असेल तर तेही बदला.

आधी लॅपटॉपची तारीख-वेळ बघा. ती चुकलेली असेल तर चांगलं सर्टिफिकेटही मुदतबाह्य ठरतं. मग सेटिंग्जमधून ते नेटवर्क ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडा. आयडी @ आणि त्यापुढच्या भागासकट पूर्ण लिहा; अर्ध्या आयडीनेच अनेकांचं अडतं.

तरीही अडलं, तर लॅपटॉप तुमच्या विद्यापीठाच्या आयडीऐवजी विंडोजचं लॉगिन पाठवत असण्याची शक्यता मोठी. मोबाइलवर आयडी हाताने टाकावाच लागतो, म्हणून तिथे हा घोळ होत नाही. कंट्रोल पॅनलच्या नेटवर्क अँड शेअरिंग सेंटरमध्ये नवं कनेक्शन ‘मॅन्युअली’ तयार करा. नाव अक्षरशः तेच, लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांसकट, प्रकार डब्ल्यूपीए2-एंटरप्राइझ. ‘चेंज कनेक्शन सेटिंग्ज’मध्ये सिक्युरिटी टॅबवर ओळख पटवण्याची पद्धत ‘प्रोटेक्टेड ईएपी’ ठेवा. शेजारच्या सेटिंग्जमध्ये सर्व्हरची ओळख तपासण्याची खूण राहू द्या, विद्यापीठाच्या संगणक विभागाने सांगितलेलं सर्व्हरचं नाव लिहा आणि त्यांनीच सांगितलेलं रूट सर्टिफिकेट (सर्व्हरच्या सर्टिफिकेटची हमी देणारं मूळ सर्टिफिकेट) निवडा. त्याच खिडकीत खाली ‘कॉन्फिगर’ दाबून विंडोजचं लॉगिन आपोआप वापरण्याची खूण काढा. मग सिक्युरिटी टॅबवरच्या ‘अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये ‘यूझर ऑथेंटिकेशन’ निवडून तिथेच आयडी-पासवर्ड साठवा.

जोडलं गेलं पण पान उघडत नाही? कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) चालवा. आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा लॅपटॉपचा क्रमांक, 169.254 ने सुरू होत असेल तर नेटवर्ककडून पत्ताच मिळालेला नाही. विद्यापीठाने लॅपटॉपचा मॅक पत्ता (त्याच्या वायफाय हार्डवेअरचा ओळख क्रमांक) नोंदवून घेतला असेल, तर वायफाय सेटिंग्जमधलं ‘रँडम हार्डवेअर अॅड्रेसेस’ बंद करा. नाहीतर नोंदवलेला पत्ता एक आणि जोडणारा दुसराच.

पासवर्ड बदलाल त्या दिवशी मोबाइलवरही बदला. जुना पासवर्ड तो पुन्हापुन्हा पाठवत राहतो आणि त्यामुळे खातंच काही काळ बंद पडू शकतं.